कळ दाबली, पोच मिळाली?

तालुक्याच्या गावात एस.टी. स्टँडच्या आसपास, एखाद्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर टायपिंगचा क्लास असायचा. त्याची पाटी वाचायची गरज पडत नसे. जिना चढायच्या आधीच आवाज कानावर यायचा. पंधरा-वीस यंत्रे एकाच वेळी खडखडत असायची, आणि मधूनच कुठल्या तरी यंत्राची ओळ संपत आल्याची घंटा वाजायची. आमच्यापैकी जे अशा क्लासला गेले, त्यांना तिथल्या सरांची एक गोष्ट अजून आठवते. सर वर्गात फिरताना कुणाच्या कागदाकडे फारसे बघत नसत. ते ऐकत असत. पाठीमागे उभे राहून मध्येच म्हणत, "डावी करंगळी कमी पडते आहे." कागद काढून पाहावा तर खरोखरच 'ए' हे अक्षर फिके उमटलेले असे.

आज शाळेच्या संगणक कक्षात तीस मुले एकदम टंकलेखन करत असली, तरी दारात उभ्या असलेल्या शिक्षकाला पुसटशी खसखस ऐकू येते. गोंगाट गेला, बरे झाले, असे कुणालाही वाटेल. पण सर जे ऐकत होते ते नेमके काय होते? ते फक्त सरांना ऐकू येत होते, की टंकणाऱ्याच्या बोटांनाही कळत होते? आणि ते नाहीसे झाले तेव्हा आवाजाबरोबर आणखी काही गेले का?

या प्रश्नांचा माग काढत गेलो, तेव्हा आमच्या हाती एक वेगळाच इतिहास लागला. यंत्राच्या कळीने बोटाला पोच कशी द्यायची, याचा तो इतिहास आहे. आपण पत्र रजिस्टर्ड करायचो तेव्हा पोचपावती मागायचो. कळीचा 'टक्' आवाज आणि बोटाला बसणारा छोटासा धक्का ही तशीच पोचपावती आहे. 'तुमचे अक्षर पोचले, आता पुढचे पाठवा' असे ती सांगते. गेली दोनशे वर्षे ही पोच कधी आपोआप मिळाली, कधी हरवली, तर कधी मुद्दाम तयार करावी लागली.

न पाहता लिहिण्यासाठी

सुरुवात इटलीत झाली. पेल्लेग्रिनो तुर्री नावाच्या गृहस्थांनी कारोलिना फान्तोनी या आपल्या अंध मैत्रिणीसाठी एक लेखनयंत्र बनवले. दुसऱ्या कुणाला मजकूर न सांगता तिला स्वतःची पत्रे स्वतः लिहिता यावीत, हा त्यामागचा हेतू होता. यंत्र आज शिल्लक नाही, पण तिने त्यावर लिहिलेली १८०८ पासूनची काही पत्रे जपून ठेवलेली आहेत. म्हणजे कळ दाबून अक्षर उमटवण्याची कल्पना अगदी आरंभी ज्यांच्यासाठी वापरली गेली, त्यात डोळ्यांनी न पाहणारी ही स्त्री होती. बोट आणि कान एवढेच तिचे साक्षीदार होते.

बाजारात यशस्वी झालेला टाइपरायटर त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला. अमेरिकेतील मिलवॉकी शहरातले ख्रिस्तोफर लॅथम शोल्स हे मुद्रक आणि वृत्तपत्राचे संपादक होते. त्यांनी दोन सहकाऱ्यांसह १८६८ मध्ये आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. १८७३ मध्ये रेमिंग्टन या कंपनीशी करार झाला आणि १८७४ पासून यंत्रे विकली जाऊ लागली. रेमिंग्टन कंपनी तोपर्यंत बंदुका आणि शिवणयंत्रे बनवत होती.

या यंत्राची गंमत अशी, की त्यात अक्षराचे ठसे खालून वर येऊन रुळाच्या पोटावर आपटत. त्यामुळे टंकणाऱ्याला आपण काय लिहिले ते दिसतच नसे. पाहायचेच असेल तर कागद गुंडाळलेला रूळ वर उचलावा लागे. डोळे धड असलेला माणूसही त्या यंत्रापुढे अंधच होता! ठसा रुळावर आपटल्याचा आवाज आणि कळीतून बोटाला जाणवणारा हादरा, यांवरच विश्वास ठेवून त्याला पुढे जावे लागे. समोर अक्षरे दिसणारी यंत्रे १८९० च्या दशकात आली.

पण अक्षरे दिसू लागली तरी टंकणाऱ्याने यंत्राकडे बघू नये, हेच शिकवले जाऊ लागले. त्याला कारणही तसेच घडले होते. २५ जुलै १८८८ रोजी सिनसिनाटी शहरात टंकलेखनाची एक स्पर्धा झाली. सॉल्ट लेक सिटीतले न्यायालयीन लघुलेखक फ्रँक मॅकगरिन आणि लुई ट्रॉब यांच्यात सामना होता. मॅकगरिन सगळी बोटे वापरत आणि कळांकडे अजिबात बघत नसत. ते सहज जिंकले. वृत्तपत्रांतून त्याचा गाजावाजा झाला आणि स्पर्शाने टंकण्याची पद्धत सर्वत्र पसरू लागली. डोळे मूळ कागदावर, बोटे कळांवर. अशा वेळी 'अक्षर उमटले' ही बातमी बोटांना कोण देणार? ती यंत्राच्या ठोक्यानेच दिली पाहिजे.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घेऊ. जुन्या टाइपरायटरमध्ये हा आवाज कुणी मुद्दाम घातलेला नव्हता. बोटाच्या जोराने ठसा उडत होता आणि रुळावर आपटत होता. जे काम झाले, त्याचाच तो आवाज होता. काम झाले नाही तर आवाजही होत नसे, आणि कमी झाले तर आवाजही कमी. म्हणून तर आमच्या सरांना पाठमोरे उभे राहूनही करंगळी कळत होती. ती पोच खोटी असूच शकत नव्हती.

काम विजेकडे गेले, पोच हरवली

मग वीज आली. विजेच्या टाइपरायटरमध्ये ठसा मारण्याचे काम मोटर करते. बोटाने फक्त इशारा द्यायचा. आयबीएम कंपनीने ३१ जुलै १९६१ रोजी 'सिलेक्ट्रिक' हे यंत्र बाजारात आणले. त्यात ठशांच्या दांड्याच नव्हत्या. गोल्फच्या चेंडूएवढ्या एका गोळ्यावर सगळी अक्षरे कोरलेली होती आणि तो गोळा गरकन फिरून, कलून हवे ते अक्षर कागदावर मारत असे. बोटाचे श्रम खूपच कमी झाले, आणि तरीही कळीखाली यंत्रणा होती, ठोका ऐकू येत होता. टंकलेखकांच्या एका पिढीचा हात या यंत्रावर बसला.

खरी अडचण त्याच्या पुढच्या टप्प्यात आली. संगणकाच्या पडद्यापुढे बसून टंकताना कागदही नाही, रूळही नाही आणि ठसाही नाही. कळीने फक्त 'मी दाबली गेले' एवढी खूण विजेने पाठवायची. यासाठी यांत्रिक हालचाल जवळजवळ लागतच नाही. १८७९ मध्ये एडविन हॉल यांनी एक परिणाम शोधला होता. वीज वाहत असलेल्या पट्टीजवळ चुंबक आणले, की पट्टीच्या आडव्या दिशेने थोडासा विद्युतदाब निर्माण होतो. या तत्त्वावर चालणाऱ्या कळा हनीवेल कंपनीने १९६८ मध्ये तयार केल्या. कळ दाबली की चुंबक खाली येणार. धातूला धातू टेकायचीही गरज नाही, म्हणून झीज नाही. खटका म्हणून तो उत्तमच होता. पण बोटाच्या दृष्टीने? स्प्रिंगवर ठेवलेली एक टोपी खाली जाते आणि वर येते, एवढेच. नेमके कुठल्या क्षणी अक्षर गेले ते बोटाला कळायला मार्ग नाही.

टाइपरायटरवर काम केलेल्या माणसांना हे चमत्कारिक वाटणारच. मनीऑर्डर खिडकीत दिली, पण पावती मिळाली नाही, तर आपण खिडकीशी घुटमळत राहतो. तसेच बोटांचे होते. ती कळ जोरात तळापर्यंत आपटतात, किंवा डोळे पुन्हा पुन्हा पडद्याकडे जातात.

आयबीएमने १९७० च्या दशकात काही कळफलकांवर यासाठी एक मजेदार उपाय केला. त्या कळांना स्वतःचा हलका धक्का होताच, पण त्याशिवाय पेटीच्या आत एक सोलेनॉइड बसवले. सोलेनॉइड म्हणजे तारेचे वेटोळे, त्यात वीज सोडली की आतली लोखंडी दांडी उडी घेते. कळीची नोंद झाली की ही दांडी पेटीवर आपटून 'ठक्' करी. टाइपरायटरच्या ठोक्याची ती नक्कल होती! आज हे वाचून हसू येते. पण ज्या कंपनीला प्रत्येक सुट्या भागाची किंमत मोजावी लागते, तिने नुसता आवाज काढण्यासाठी एक वेगळा भाग घातला, यावरून त्या आवाजाची गरज किती खरी होती ते दिसते. मात्र या उपायात एक उणीव होती. कळ कोणतीही दाबा, ठोका पेटीतल्या एकाच जागेवरून येई. तो कानाला कळे, बोटाला नाही.

हिराची काडी आणि ऑयलरचे सूत्र

पुढचा उपाय समजून घेण्यापूर्वी एक प्रयोग करू. खराट्यातली हिराची एक काडी घ्या. तिच्या मधल्या भागाचा साधारण २० सेंटिमीटरचा तुकडा तोडा. एक टोक स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर टेकवा आणि वरून बोटाने सरळ खाली दाबत जा. सुरुवातीला काडी ताठ उभी राहते, काट्यावरचा आकडा वाढत जातो, आणि एका विशिष्ट जोराला ती एकाएकी बाजूला बाक घेते. बाक आल्यावर आणखी वाकवायला फारसा जादा जोर लागत नाही. आता तशाच काडीचा १० सेंटिमीटरचा तुकडा घेऊन तेच करा. जोर किती जास्त लागतो ते पाहा.

लेओनहार्ड ऑयलर या गणितज्ञाने १७४४ मध्ये यामागचे गणित मांडले. काडीची जाडी आणि पदार्थ तोच असेल, तर बाक येण्यासाठी लागणारा जोर लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. लांबी निम्मी केली की जोर चौपट. तुमच्या काडीची जाडी सगळीकडे सारखी नसेल, त्यामुळे उत्तर बरोबर चौपट येणार नाही. पण कल मात्र स्पष्ट दिसेल. अभियंते या घटनेला 'बकलिंग' म्हणतात. इमारतीचा खांब उभारताना हे होऊ नये म्हणून त्यांना काळजी घ्यावी लागते.

आयबीएमचे अभियंते रिचर्ड हॅरिस यांनी हेच संकट कामाला लावले. त्यांची या कल्पनेवरची दोन पेटंटे प्रसिद्ध आहेत, एक १९७२ चे आणि दुसरे १९७८ चे. दुसऱ्या पेटंटातली रचना अशी : कळीच्या खाली एका नळीत एक सडपातळ स्प्रिंग उभी असते. स्प्रिंगच्या पायाशी एक छोटी प्लॅस्टिकची हातोडी असते, ती सी-सॉसारखी झुलू शकते. कळ दाबत गेले की स्प्रिंग आखूड होत जाते आणि बोटाला जोर वाढल्याचे जाणवते. निम्म्याहून थोडे पुढे गेले की स्प्रिंग हिराच्या काडीसारखी एकाएकी बाजूला बाक घेते. त्याच झटक्यात पायाशी असलेली हातोडी उलटून पुढे पडते आणि खटका लागतो. त्याच झटक्यात स्प्रिंग नळीच्या भिंतीवर आपटते आणि 'टक्' आवाज होतो. आणि त्याच झटक्यात बोटाखालचा विरोध एकदम कमी होतो. कळ सोडली की स्प्रिंग पुन्हा ताठ होते आणि दुसरा, किंचित वेगळा आवाज येतो.

काम, आवाज आणि स्पर्श या तिन्ही गोष्टींना कारण एकच, आणि क्षणही एकच. टाइपरायटरची खरी पोच विजेच्या यंत्रात परत आली ती अशी. इथे नक्कल करणारी दांडी लागत नाही. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला, तो याच स्प्रिंगचा कळफलक घेऊन. तो 'मॉडेल एफ' म्हणून ओळखला जातो. त्यात हातोडी पडली की कपॅसिटरची धारकता बदले आणि अक्षराची नोंद होई. १९८५ पासून 'मॉडेल एम' आला. त्यात स्प्रिंग तीच ठेवून खालची यंत्रणा स्वस्त केली. हातोडी आता प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यांवर पडे आणि दोन पापुद्र्यांवरचे विद्युतमार्ग एकमेकांना टेकत. दोन्ही शेजारी ठेवून ऐकले तर मॉडेल एफचा आवाज जास्त खणखणीत आणि कळ थोडी हलकी वाटते, तर मॉडेल एमचा आवाज किंचित दबका. पण पोच देण्याची रीत एकच.

निळी, तपकिरी, लाल

दुसरीकडे चेरी या कंपनीने वेगळा मार्ग धरला. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, एका उपाहारगृहाच्या तळघरात सुरू झालेली ही कंपनी पुढे जर्मनीत स्थिरावली. १९८० च्या दशकात तिने 'एमएक्स' नावाचा खटका काढला. प्रत्येक कळीखाली एक स्वतंत्र डबी असते. डबीत स्प्रिंग, सरकणारा दांडा आणि धातूच्या दोन पात्या असतात. कळ पूर्ण दाबली तर ४ मिलिमीटर खाली जाते, पण पात्या साधारण २ मिलिमीटरलाच एकमेकींना टेकतात. म्हणजे अक्षर अर्ध्या वाटेतच जाते. दांड्याचा आकार बदलला की कळीचा स्वभाव बदलतो, आणि तो स्वभाव ओळखता यावा म्हणून दांड्याला रंग दिलेला असतो.

निळ्या खटक्यात दांड्यावर एक सुटी बाही असते. ती एका टप्प्याला अडते आणि मग सटकन खाली आपटते. 'टिक्' असा बारीक, उंच स्वर येतो आणि जवळजवळ त्याच क्षणी पात्या टेकतात. तपकिरी खटक्यात, जो १९९४ मध्ये आला, बाही नसते. दांड्यावर फक्त एक उंचवटा असतो. बोटाला खडा लागल्यासारखे होते, पण टिक् आवाज येत नाही. काळ्या आणि २००८ मध्ये आलेल्या लाल खटक्यात उंचवटाही नसतो. कळ मऊपणे सरळ खाली जाते. अक्षर अर्ध्या वाटेत गेले तरी बोटाला काही कळत नाही. आवाज येतो तो कळ तळाला लागल्यावर.

आणि आपल्या शाळेतल्या कळफलकाचे काय? त्याच्या आत बहुधा रबराची एक चादर असते. तिच्यावर प्रत्येक कळीखाली छोटा घुमट असतो. कळ दाबली की घुमट आधी विरोध करतो, मग एकदम कोसळतो. बोटाला हा कोसळल्याचा धक्का जाणवतो. पण खालचे पापुद्रे टेकतात ते घुमट पूर्ण तळाला गेल्यावर. कळफलक नवा असताना हे अंतर जाणवत नाही. रबर जुने होऊन कडक झाले, किंवा बोट कळीच्या कोपऱ्यावर पडले, की धक्का बसतो आणि अक्षर मात्र येत नाही.

आता सगळ्यांची तुलना एका वाक्यात करता येईल. रबरी कळ कामाच्या आधी पोच देते, लाल-काळी कळ कामानंतर पोच देते, तपकिरी कळ पोच देते पण हळूच बोटाच्या कानात, आणि निळी कळ व आयबीएमची स्प्रिंग काम होते त्याच क्षणी पोच देतात. म्हणून निळी कळ चांगली आणि लाल वाईट असे मात्र नव्हे. संगणकावरचे खेळ खेळणाऱ्यांना एकच कळ भराभर दाबायची असते, त्यांना मध्ये उंचवटा नको असतो. रात्री घरातले झोपले असताना लिहिणाऱ्याला टिक् परवडत नाही. आणि निळी कळ वापरली म्हणजे वेग वाढतोच, असेही नाही. वेग मुख्यतः सरावाने येतो. पण सराव करताना चुकीची बातमी ताबडतोब मिळते की उशिरा, यावर शिकणे अवलंबून असते, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

एकच खटका वेगळ्या पेटीत बसवला की वेगळा वाजतो, हीही वर्गात बोलण्यासारखी गोष्ट आहे. पोलादी पट्टीवर तो खणखणतो, प्लॅस्टिकच्या पट्टीवर दबका होतो, आणि पेटीत फोम भरला तर पोकळीतला घुमारा जातो. जाड टोप्यांचा स्वर पातळ टोप्यांपेक्षा खालचा लागतो. टेबलावर बोट वाजवा आणि मग पत्र्याच्या डब्यावर वाजवा, बोट तेच असते. गेल्या काही वर्षांत अशा स्वरांसाठी सुटे भाग जमवून कळफलक बांधण्याचा छंद जगभर पसरला आहे.

नाण्यांचा प्रयोग

कळीचा जोर मोजायला महागडे उपकरण नको. दहा रुपयांचे नाणे ७.७१ ग्रॅमचे असते. कळीच्या मधोमध खोडरबराचा लहान तुकडा ठेवा (त्याचे वजन आधी करून घ्या), म्हणजे नाणी शेजारच्या कळांना टेकणार नाहीत. त्यावर एक एक नाणे अलगद ठेवत जा, आणि पडद्यावर अक्षर कधी उमटते ते पाहा. लाल खटक्याची कळ असेल तर ती थोडी थोडी खाली जाते आणि एकूण ४६ ग्रॅमच्या सुमारास, म्हणजे सहा नाण्यांच्या वजनाला, अक्षर येते. काळ्याला आठ नाण्यांइतके, सुमारे ६१ ग्रॅम वजन लागते. रबरी कळीचे वागणे निराळे. ती बराच वेळ फारशी हलत नाही आणि मग एका नाण्याला एकदम खाली बसते. नाण्यांची संख्या आडव्या अक्षावर आणि कळ किती खाली गेली ते उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढला, तर दोन कळांचे दोन स्वभाव कागदावर दिसतील. आठवीच्या मुलांना हे सहज जमते.

स्वस्त कळ आणि तिची किंमत

इतकी चांगली पोच देणारी स्प्रिंग हाती असताना जगभर रबर का पसरले? उत्तर सोपे आहे, पैसा. मॉडेल एममध्ये शंभरावर कळा, म्हणजे शंभरावर स्प्रिंगा आणि तितक्याच हातोड्या. रबराची एकच चादर साच्यात ओतली की सगळ्या कळा तयार. शिवाय ती शांत, हलकी, आणि वरून पाणी सांडले तरी बऱ्यापैकी तग धरणारी. संगणक स्वस्त झाला आणि आपल्या शाळेपर्यंत पोचला, त्यात या रबरी चादरीचाही वाटा आहे. तिला नुसती नावे ठेवून चालणार नाही.

पण काटकसर कुठवर करायची याचा धडा खुद्द आयबीएमला लगेचच मिळाला. नोव्हेंबर १९८३ मध्ये कंपनीने घरगुती वापरासाठी 'पीसीज्युनियर' हा संगणक जाहीर केला. त्याच्या कळा च्युइंगगमच्या गोळ्यांसारख्या लहान, सुट्या सुट्या आणि रबरी स्पर्शाच्या होत्या. समीक्षकांनी त्यावर कडाडून टीका केली. १९८४ मध्ये आयबीएमने नवा कळफलक काढला आणि आधी यंत्र घेतलेल्यांना तो फुकट दिला. तरी यंत्र सावरले नाही, १९८५ मध्ये ते बंद झाले. उत्तम कळ बनवणाऱ्या कंपनीनेच ही चूक करावी, हे विशेष.

तीस वर्षांनी तेच पुन्हा घडले. ॲपल कंपनीने २०१५ मध्ये मांडीवरचा संगणक अधिक पातळ करण्यासाठी 'फुलपाखरू' नावाच्या रचनेचा कळफलक आणला. कळ खाली जायला अंतरच फार थोडे राहिले, आणि बारीक कण अडकला तरी कळ अडे किंवा एकाऐवजी दोन अक्षरे उमटत. २०१९ पासून कंपनी जुन्या पद्धतीच्या रचनेकडे परतली, आणि ग्राहकांनी केलेल्या दाव्यात २०२२ मध्ये ५ कोटी डॉलर देण्याची तडजोड झाली. कळफलक पाहताना तो किती पातळ आहे हे दुकानात दिसते. पोच कशी आहे ते मात्र चार तास काम केल्यावरच कळते, आणि ते काम करणारा माणूस खरेदी करणाऱ्या खात्यात क्वचितच असतो.

चार तासांचा हिशेब करून पाहू. मिनिटाला ४० शब्द, शब्दाला सरासरी पाच कळा, म्हणजे मिनिटाला २०० आणि तासाला १२,००० वेळा कळ दाबली जाते. चार तासांत ४८,०००. प्रत्येक वेळी बोटाने पोच मिळाली नाही म्हणून कळ तळावर आपटली, तर तो धक्का ४८,००० वेळा बोटालाच परत येतो. एका कळीची बचत कारखान्यात पैशांत मोजली जाते. तिची दुसरी बाजू अशी बोटांच्या सांध्यांत जमा होते.

काचेवरची कळ

२००७ नंतर स्पर्शाचे पडदे असलेले फोन सर्वांच्या हाती आले आणि कळ म्हणजे काचेवरचे चित्र झाले. काच खाली जात नाही, तिला उंचवटा नाही, कडा नाही. म्हणून फोन काय करतो? चिमुकल्या स्पीकरमधून 'टिक्' असा आवाज काढतो, किंवा आतली छोटी मोटर हलवून बोटाला थरथर देतो. १९७० च्या दशकातल्या त्या आपटणाऱ्या दांडीचेच हे नवे रूप! पण एक गोष्ट काचेला अजूनही साधत नाही. कळ दाबण्यापूर्वी बोट योग्य जागी आहे की नाही, हे ती सांगत नाही. तुमच्या कळफलकावर 'एफ' आणि 'जे' या दोन कळांवर हलकेच बोट फिरवा. दोन्हींवर एक बारीक रेघ उठलेली लागेल. न पाहता बोटांना आपले घर सापडावे म्हणून ती ठेवलेली आहे.

अंध विद्यार्थ्यांसाठी हा फरक सोयीपुरता राहत नाही. फोन अक्षराचे नाव बोलून दाखवतो, २००९ पासून आयफोनमध्येही तशी सोय आहे, आणि त्यामुळे अनेक दारे उघडली. मात्र तिथे आधी बोट ठेवायचे, मग ऐकायचे आणि मग निवडायचे, असा क्रम असतो. खरी कळ असलेल्या फलकावर तोच विद्यार्थी डोळस मित्राच्या बरोबरीने लिहितो. कारोलिना फान्तोनीला दोनशे वर्षांपूर्वी जे हवे होते, तेच त्यालाही हवे आहे. शाळेसाठी कळफलक घेताना यादीत 'एक कळफलक स्पष्ट पोच देणारा' असे लिहायला काय हरकत आहे?

मुंबईच्या गोदरेज कंपनीने १९५५ मध्ये देशी बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला. २००९ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. पुढच्या दशकात आपल्याकडच्या शासकीय टंकलेखन परीक्षाही टाइपरायटरवरून संगणकावर गेल्या. त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. फिती, कार्बन आणि खोडाखोड यांतून सुटका झाली ती चांगलीच. मात्र तुमच्या गावात कुणाच्या माळ्यावर जुना टाइपरायटर पडून असेल, तर तो एक दिवस वर्गात आणा. शेजारी संगणकाचा कळफलक ठेवा आणि एखाद्याचा फोन. मुलांना डोळे मिटायला सांगा, तिन्हींवर आपले नाव टंकायला सांगा, आणि प्रत्येक अक्षरानंतर एकच प्रश्न विचारा : "उमटले का? कशावरून म्हणतोस?"